ढोल आधी, कैताळ नंतर

कवठेमहांकाळ तालुक्यात, आरेवाडीच्या बिरोबा बनाकडे जत्रेच्या दिवशी चालत निघालं, की लांबून कानावर येतो तो नुसता ढोलाचा दणका. जवळ जाऊ तशी त्यावर कैताळाची, म्हणजे झांजेची, झणझण चढते. पार रिंगणाशी पोचलं की मग ढोलाच्या पानावर बसणाऱ्या काठीचा कडक ‘टक्’ सुटा ऐकू येतो. वाजवणारे तेच, वाद्यंही तीच; फरक अंतराचा. आडवाटेचं गाव सिनेमात कानाला पटवायचं तर हाच क्रम धरावा लागतो. पुष्कळ पार्श्वसंगीत इथंच फसतं. बासरी, संबळ, तुणतुणं सगळं हजर असतं, पण सगळंच कानाशी येऊन वाजतं.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हा नियम खर्जाला आणि तारस्वराला सारखाच. पण हवाही आवाज खाते, आणि बारीक, तीव्र आवाज जास्त खाते. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना एका किलोमीटरमागे २५० हर्ट्झचा (सेकंदाला २५० कंपनांचा) आवाज जेमतेम १ डेसिबल गमावतो, १००० हर्ट्झचा ५, ४००० हर्ट्झचा २३ आणि ८००० हर्ट्झचा जवळपास ७७. कैताळाची चमक याच वरच्या पट्ट्यात असते, म्हणून ती वाटेतच संपते. तेव्हा लांबचा ढोल दाखवायला नुसता आवाज कमी करून भागत नाही, तसं केलं तर तो शेजारच्या खोलीत हळू वाजल्यासारखा वाटतो. अर्ध्या किलोमीटरसाठी ४००० हर्ट्झच्या आसपास ११-१२ डेसिबल आणि ८००० ला ३८ डेसिबल उतार द्यावा. कैताळ आपोआप गायब होतं.

वेळही पाहायला हवी. माण, जत, आटपाडीकडे भर दुपारी जमीन तापलेली असते. जमिनीलगतची हवा जास्त गरम, वरची त्या मानाने थंड. गरम हवेत ध्वनी वेगाने जातो (दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर), त्यामुळे ध्वनिलहरी वर वळतात आणि लांबचा माणूस ध्वनीच्या सावलीत सापडतो. पलीकडच्या वस्तीवर जातं घरघरलं तरी इकडे पत्ता नसतो. अशा प्रसंगात दूरची घंटा, दूरची बासरी टाकणं चूकच. तिथं जवळचंच ऐकू यावं: माश्यांची भुणभुण, तापून कडकडणारा पत्रा.

कोयनेच्या खोऱ्यात पहाटे नेमकं उलटं. थंड हवा तळाशी बसलेली, लहरी खाली वळतात. बामणोलीच्या काठावर लाँच दिसायच्या कितीतरी आधी तिच्या इंजिनाचे ठोके पाण्यावरून येतात. शिवसागराकाठच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाकाठच्या, वस्तीचं एकटेपण दाखवायला आमच्या मते हा एक ठोका दहा व्हायोलिनांना भारी आहे. तो एकटा राहू द्यावा, त्याच्याखाली सूर भरू नयेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घुमाऱ्यात, म्हणजे भिंतींवरून परतून आवाजामागे रेंगाळणाऱ्या गुंजनात. संगणकातला तयार ‘हॉल’चा घुमारा लावला की रानातली हाक मंगल कार्यालयातून आल्यासारखी वाटते. मोकळ्या माळावर घुमारा जवळजवळ नसतोच. दरीत असतो तो प्रतिध्वनी, आणि तो मध्ये मोकळी जागा सोडून येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १ सेकंद. म्हणून हाकेनंतर १ सेकंद काही नाही, मग एकदाच परत तीच हाक, मूळपेक्षा १५-२० डेसिबल खाली आणि ३००० हर्ट्झच्या वरचा भाग छाटलेला. तीन-चार वेळा घुमवली की गंमत होते, गाव हरवतं.

दृश्याशी मेळ घालतानाही अंतर मोजता येतं. ३४० मीटरवर कुणी लाकूड फोडत असेल तर घाव दिसल्यावर आवाज १ सेकंदाने येतो, म्हणजे सिनेमाच्या २४ चौकटींनी (सेकंदाला २४ धरून). दूरच्या दृश्यात हा उशीर ठेवून पाहावा. मात्र दोन-तीन चौकटींचाच ठेवला तर प्रेक्षकाला ती जुळणीची चूक वाटते. ठेवायचा तर ठळक.

वाद्यांचेही नखरे असतात. हलगी शेकून घेतल्याशिवाय बोलत नाही, आणि पावसाळी हवेत कातडं पुन्हा सैल पडून सूर उतरतो. सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडला की सांधा उघडा पडतो. दोन हलग्या ठेवून आळीपाळीने शेकाव्यात.

स्थिरतेसाठी मिरजेचा तानपुरा. तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या किंचित गोलसर माथ्यावर ती घासत सुटते, मध्ये दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, खुलवली की वरचे स्वर एकामागून एक उमलतात. प सा सा सा हे फिरत राहतं, पण कुठं जात नाही, आणि काहीच न घडणारा दिवस तसाच असतो. फक्त संवादाखाली १००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा दाबून ठेवावा. जवारीची झळाळी आणि व्यंजनं तिथंच भिडतात, मग ‘पाणी’ की ‘पाटी’ कळत नाही.

शांतता म्हणजे शून्य नव्हे. ध्वनिपट साफ कोरा ठेवला तर प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. चित्रीकरणाच्या जागी, त्याच वेळी, कुणी न बोलता किमान दोन मिनिटं हवेचा आवाज नोंदवून घ्यावा. विकतच्या संग्रहातला पक्षी टाकताना तर डोळ्यांत तेल घालावं. पावशा पेरणीच्या तोंडाला ‘पेरते व्हा’ म्हणतो. हुरड्याच्या दृश्यात तो ओरडला की शेतकरी प्रेक्षक हसतात, आणि बरोबरच हसतात.

शेवटी सगळं मोबाईलवर ऐकून पाहावं. त्याच्या इवल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे वरचा पट्टा छाटून मेहनतीने लांब नेलेला ढोल तिथं ऐकूच येत नाही. त्यावर उपाय म्हणजे २०० ते ३०० हर्ट्झच्या मधलं ढोलाचं अंग थोडं उचलायचं. वरच्या छाटणीला मात्र हात लावला नाही, तर अंतरही टिकतं.