विधेयकांचा ऑनलाइन मागोवा

संसदेपुढील विधेयक मसुद्यापासून प्रत्यक्ष अंमलापर्यंत कोणत्या टप्प्यावर पोहोचले, हे नागरिकाला स्वतः तपासता यावे यासाठी संकेतस्थळे, शोधपृष्ठे आणि ई-मेल सूचना यांचा केला जाणारा वापर. प्रस्तुत नोंदीत उगमाचा भाग वगळता भारतीय संसदेचाच विचार केला आहे.

उगम : या पद्धतीचा प्रारंभ पुष्कळदा अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जानेवारी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘थॉमस’ या संकेतस्थळापासून धरला जातो. त्यावर आक्षेप असा, की कॅलिफोर्निया राज्याने १९९३ मध्येच विधेयकांचा मजकूर, त्यांचा इतिहास, विश्लेषण आणि सदस्यांची मते सार्वजनिक संगणकजालावर विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक केले होते. राष्ट्रीय विधिमंडळापुरते पाहिले तर थॉमसचा मान टिकतो. परंतु माहिती देणे हे सौजन्य न राहता कर्तव्य ठरले ते कॅलिफोर्नियात, म्हणून तो दावा अधिक सबळ वाटतो. तिसऱ्या मतानुसार मजकूर नुसता प्रसिद्ध करणे म्हणजे मागोवा नव्हे. मजकूर, भाषणे आणि मते एकमेकांना जोडून वाचकाला सूचना पाठवणे हे खरे लक्षण होय. हे मानल्यास ब्रिटनमधील ‘दे वर्क फॉर यू’ आणि अमेरिकेतील ‘गव्हट्रॅक’ (दोन्ही २००४) यांच्यापासून आरंभ धरावा लागतो. थॉमस २०१६ मध्ये बंद होऊन त्याची जागा ‘काँग्रेस डॉट गव्ह’ने घेतली.

भारतात संसदेची संकेतस्थळे साधारणपणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. २००५ मध्ये दिल्लीत ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ ही संस्था स्थापन झाली. खासदारांसाठी तयार होणारी तिची विधेयक-टिपणे आणि ‘बिल ट्रॅक’ हे पृष्ठ सर्वांना खुले आहे. दोन्ही सभागृहांची माहिती आता ‘डिजिटल संसद’ (संसद डॉट इन) या एका ठिकाणी मिळते.

मागोव्याची रीत : विधेयकाच्या नावापेक्षा क्रमांक आणि वर्ष यांवर भिस्त ठेवावी. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि ३ ऑगस्ट २०२२ रोजी मागे घेतले गेले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने मांडलेले डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण विधेयक हे स्वतंत्र विधेयक होते (२०२३ चे विधेयक क्र. ११३). नावाने शोध घेतल्यास दोन्ही एकत्र येतात आणि जुन्या समितीचा अहवाल नव्या विधेयकाचा समजून वाचला जातो. विधेयक-क्रमांक अधिनियमाला, म्हणजे संमत झालेल्या कायद्याला, लागत नाही. याच विधेयकाचा पुढे २०२३ चा अधिनियम क्र. २२ झाला.

घटनादुरुस्तीत हा घोळ सर्वाधिक होतो. महिला आरक्षणाचे १२८ वे घटनादुरुस्ती विधेयक १०६ वा घटनादुरुस्ती अधिनियम झाले. वस्तू व सेवा कराचे १२२ वे विधेयक १०१ वा अधिनियम झाले. विधेयकाला क्रमांक मांडतेवेळी मिळतो आणि ते बारगळले तरी तो पुन्हा वापरात येत नाही. अधिनियमाचा क्रम मात्र संमत झालेल्यांचाच असतो. त्यामुळे दोन आकड्यांतील अंतर वाढतच जाते.

मजकुराच्या तीन प्रती निरनिराळ्या ठेवाव्यात : मांडल्यावेळची, पहिल्या सभागृहाने संमत केलेली आणि दोन्ही सभागृहांनी संमत केलेली. वाचन शेवटाकडून सुरू केलेले बरे. उद्देश व कारणांचे निवेदन, वित्तीय ज्ञापन आणि नियम करण्याचा अधिकार सरकारकडे सोपवण्यासंबंधीचे ज्ञापन तिथे असते. या शेवटच्या ज्ञापनातून कायद्याचा किती भाग पुढे संसदेबाहेर लिहिला जाणार, हे कळते. दुरुस्ती विधेयकाला मूळ अधिनियमातील उतारे परिशिष्ट म्हणून जोडलेले असतात. ते शेजारी ठेवल्याशिवाय ‘या शब्दांऐवजी ते शब्द’ अशा खंडांचा अर्थ लागत नाही.

राजपत्र : राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर संसदेचे पान थांबते आणि मागोवा ‘ई-गॅझेट’ या राजपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर सुरू होतो. असाधारण राजपत्राच्या भाग २ मधील खंड १ मध्ये अधिनियम, खंड २ मध्ये विधेयके आणि खंड ३ मध्ये नियम व अधिसूचना येतात. खंड ३ च्या उपखंड (एक) मधील नियमांना ‘सा.का.नि.’ (इंग्रजीत ‘जीएसआर’) आणि उपखंड (दोन) मधील आदेशांना ‘का.आ.’ (इंग्रजीत ‘एसओ’) असे क्रमांक असतात. शोधताना मंत्रालय, तारीख आणि भाग हे तिन्ही द्यावेत. जुने अंक स्कॅन केलेले असल्याने त्यांत शब्दशोध चालत नाही.

कलम १ मध्ये ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेस’ अशी तरतूद असेल, तर अनुमतीची तारीख ही अंमलाची तारीख नसते. विदा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी अनुमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कलमेही टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण वाहनचालकांच्या विरोधानंतर, जीवघेणा अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाच्या शिक्षेचे कलम १०६ (२) त्या अधिसूचनेतून वगळले गेले. ‘इंडिया कोड’ या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर अधिनियम वाचणाऱ्याने म्हणून अंमलाची अधिसूचना वेगळी उघडलीच पाहिजे.

त्रुटी : मंत्रालयांनी मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असे २०१४ चे विधिपूर्व सल्लामसलत धोरण सांगते. ते धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे ते न पाळल्यास विधेयक अडत नाही. मसुदे प्रत्येक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विखुरलेले असतात. काही ‘मायगव्ह’ या केंद्र सरकारच्या लोकसहभागाच्या संकेतस्थळावर, काही मुंबईतून चालणाऱ्या ‘सिव्हिस’सारख्या मंचावर एकत्र मिळतात. सूचना पाठवण्याची खरी संधी याच टप्प्यावर असते. दुसरी संधी स्थायी समितीपुढे येते. परंतु पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, तिथे सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. कृषी कायदे रद्द करणारे विधेयक तर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी संमत झाले. अशा वेळी ई-मेल सूचना हाती पडेपर्यंत काम आटोपलेले असते.

आपल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिले, हे भारतात बहुधा कळतच नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि नावनिशीवार नोंद केवळ मतविभागणी (बाजूची व विरुद्ध मते मोजणे) झाली तरच राहते. घटनादुरुस्तीला ती लागतेच, म्हणून महिला आरक्षण विधेयकावरील लोकसभेतील ४५४ विरुद्ध २ ही मते उपलब्ध आहेत. याउलट सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकांवर मतविभागणीची मागणी होऊनही ती आवाजी मतदानाने संमत झाली. ब्रिटिश धर्तीची खासदारनिहाय मतांची यादी इथे तयार होऊ न शकण्याचे कारण संगणकीय नाही. मूळ नोंदच नसते.

खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांचा शोध वेगळा ठेवावा. आजवर अशी १४ विधेयकेच कायद्यात उतरली, शेवटचे १९७० मध्ये. असे विधेयक मांडले गेल्याची बातमी म्हणजे कायदा येऊ घातल्याची खूण नव्हे. लोकसभा विसर्जित झाल्यावर तिच्यापुढील विधेयके बारगळतात. राज्यसभेपुढे प्रलंबित असलेली आणि लोकसभेने संमत न केलेली मात्र जिवंत राहतात (राज्यघटनेचा अनुच्छेद १०७).

भाषा : विधेयके इंग्रजी व हिंदीत निघतात. लोकसभेत मराठी भाषांतराची सोय भाषणांपुरती आहे. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील पाठ १९७३ च्या अधिनियमानुसार प्राधिकृत ठरतात आणि महाराष्ट्रात हे काम भाषा संचालनालयाकडे आहे. परंतु ते अधिनियमांचे असतात, मसुद्यांचे नव्हेत. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.