बोर्ड: फळी, पंगत आणि मंडळ

मुंबईत माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांचं ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ पासून चालू आहे. तिथे खाट मिळत नाही, खोलीही मिळत नाही. मिळतं ते पोटभर जेवण. ‘बोर्डिंग’ म्हटलं की आपल्याकडे रांगेने मांडलेल्या खाटा, पत्र्याच्या ट्रंका आणि करडा रेक्टर डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, पाटी रंगवताना काहीतरी घोटाळा झाला असावा. इंग्रजीच्या हिशेबाने मात्र ती पाटी चोख आहे. राहण्याची सोय म्हणजे लॉजिंग, जेवणाची सोय म्हणजे बोर्ड.

इंग्रजी शिकणाऱ्याला हे नाम छळतं ते याच कारणाने. कोश उघडला की फळी, फळा, पुठ्ठा, जेवण, मंडळ, जहाजाची बाजू, रंगमंच असे अर्थ एकाखाली एक येतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय ते कोणी सांगत नाही. मग विद्यार्थी यादी पाठ करतो आणि आठवड्याने विसरतो. यादीपेक्षा या शब्दाचा प्रवास लक्षात राहायला सोपा आहे, आणि त्यातला बराचसा प्रवास आपल्या मुलखातूनही झाला आहे.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी, लाकडाची चिरून काढलेली सपाट पट्टी. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत जेवणाचं कायमचं टेबल क्वचितच असे. दिवाणखान्यात लाकडी घोडे उभे करायचे, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, त्यावर कापड अंथरायचं आणि पंगत उठली की सगळं भिंतीशी लावून ठेवायचं. साहजिकच फळी म्हणजे टेबल झालं आणि टेबल म्हणजे त्यावरचं अन्न. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. ‘पाटपाणी झालं का?’ असं आजी विचारते तेव्हा तिला लाकडाच्या पाटाची चौकशी करायची नसते.

या जेवणाच्या अर्थाला कायद्याचंही वजन मिळालं. इंग्लंडमध्ये १८५७ पूर्वी विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयात चालत. तिथे पूर्ण घटस्फोट मिळत नसे. मिळे तो ‘बेड अँड बोर्ड’पासून विभक्त होण्याचा हुकूम, म्हणजे शेज वेगळी आणि ताट वेगळं, लग्न मात्र कायम. ‘कपबोर्ड’ हा शब्दही याच घराण्यातला. आधी ते कपाट नव्हतंच. पेले आणि चांदीची भांडी मांडून ठेवायची ती फळी होती. दारं आणि कुलूप नंतर आले. ‘अबव्ह बोर्ड’ जुगाऱ्यांकडून आला: पत्ते पिसताना हात टेबलाच्या वर दिसत असतील तर खेळ सचोटीचा. पत्रव्यवहारात ‘एव्हरीथिंग इज अबव्ह बोर्ड’ लिहिताना आज कोणाला जुगाराची आठवण होत नाही, इतका तो शब्द सभ्य झाला आहे.

टेबलाभोवती माणसं जेवतात तशी निर्णयही घेतात. सोळाव्या शतकाच्या आसपास कौन्सिलच्या टेबलाला आणि मग टेबलाभोवती बसणाऱ्यांनाच ‘बोर्ड’ म्हणू लागले. या अर्थाचा मला सर्वांत आवडणारा पुरावा म्हणजे ब्रिटिश राजघराण्याचं ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’. राजवाड्याचा जमाखर्च तपासणारी ही समिती. ज्या टेबलाशी ती बसे त्यावर हिरवं कापड असे, म्हणून हे नाव. नावात माणसांचा पत्ताच नाही. टेबल आणि टेबलक्लॉथ!

या अर्थाने बोर्ड आपल्या इतिहासात शिरलं ते १७८४ च्या पिट्स इंडिया अॅक्टने. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लक्ष ठेवायला लंडनच्या सरकारने ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं. गंमत अशी की कंपनीच्या संचालकांचं मंडळ तेव्हा बोर्ड नव्हतं, त्याला ‘कोर्ट ऑफ डायरेक्टर्स’ म्हणत. बोर्ड सरकारचं, कोर्ट कंपनीचं. आज कंपनी म्हटली की बोर्ड आलंच आणि कोर्ट सरकारी. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं, त्याबरोबर ते बोर्डही गेलं. ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ ही शब्दजोडी मात्र क्रिकेटमुळे राहिली. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेट मंडळांची नावं तशीच होती. १९२८ मध्ये भारतीय मंडळ स्थापन झालं तेही याच वळणाचं नाव घेऊन. बीसीसीआयमधल्या पहिल्या ‘सी’चा अर्थ क्रिकेट नव्हे, कंट्रोल, हे सांगितल्यावर आजही भल्याभल्यांच्या भुवया वर जातात.

मुंबई इलाख्यात शिक्षणाशी बोर्डाची गाठ पडली १८४० मध्ये. त्या वर्षी ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झालं. नाना शंकरशेट त्याचे सदस्य होते. पुढे सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना शिक्षण इंग्रजीतून की देशी भाषांतून, यावर तिथेच खडाजंगी झाली. पेरी इंग्रजीच्या बाजूचे; नाना आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या. वूडच्या खलित्यानंतर, म्हणजे लंडनहून आलेल्या शिक्षणविषयक आदेशानंतर, १८५५ मध्ये शिक्षणखातं निघालं आणि ते बोर्ड संपलं. वाद संपला नाही, हे वेगळं सांगायला नको.

नंतर बोर्डांचं पीकच आलं. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्याची हवा आली आणि १८८४ च्या कायद्याने इलाख्यात लोकल बोर्डं उभी राहिली. जुन्या पिढीतली माणसं ‘मी लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो’ असं म्हणत, ते हेच. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ही बोर्डं गेली. मॅट्रिकची परीक्षा १८५९ पासून मुंबई विद्यापीठ घेत असे. स्वातंत्र्यानंतर शाळेच्या शेवटची परीक्षा बोर्डाकडे आली आणि १ जानेवारी १९६६ रोजी आजचं राज्य मंडळ स्थापन झालं. आज महाराष्ट्रात नुसतं ‘बोर्ड’ म्हटलं की दहावी-बारावी. ‘यंदा आमच्याकडे बोर्ड आहे’ एवढं म्हटलं की पाहुणे मे महिन्यापर्यंत येत नाहीत.

आता पुन्हा जेवणाकडे, कारण बोर्डाचा सगळ्यात जिव्हाळ्याचा अर्थ आपल्याकडे रुजला तो कोल्हापुरात. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पाठोपाठ जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेक करून वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शाळेपेक्षा मोठी अडचण होती ती शहरात जेवायचं कुठे, ही. वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी ठरवून, जेवणं सगळ्यांच्या नशिबात नव्हतं. त्यालाही जात आड येई.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. लक्ष्मीबाई पाटलांनी या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. सगळे एका पंगतीत जेवतात, हीच त्या बोर्डिंगची खरी क्रांती होती. एका छपराखाली झोपणं त्यामानाने सोपं. इंग्रजी कोशात ‘बोर्ड’पुढे ‘नियमित मिळणारं जेवण’ असा कोरडा अर्थ दिलेला असतो. साताऱ्यात त्या अर्थाची किंमत किती होती, ते या मंगळसूत्रावरून कळतं.

फळीपासून सगळे अर्थ निघाले, असं इथवर वाटलं असेल, तर थोडं थांबायला हवं. जहाजाचा बोर्ड वेगळ्या वळणाचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’चा अर्थ कड, विशेषतः जहाजाची बाजू, असाही होता. मुळात हे दोन वेगळे शब्द असून उच्चारसाम्यामुळे ते एकमेकांत मिसळले, असं अभ्यासक मानतात. सरहद्दीचा ‘बॉर्डर’ हा या कडेच्या अर्थाचा नातेवाईक, फ्रेंचमार्गे परत आलेला. पूर्वी जहाज वळवायचं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यातल्या ‘स्टार’चा ताऱ्याशी संबंध नाही, तो ‘स्टिअर’चा अपभ्रंश. डावी बाजू ‘लारबोर्ड’. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात ही दोन नावं सारखीच ऐकू येत, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून ‘पोर्ट’ रूढ केलं.

‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजाच्या कडेच्या आत. तिथून ते आगगाडीत आणि विमानात गेलं. तेव्हा विमानतळावरचा बोर्डिंग पास आणि पाचगणीचं बोर्डिंग स्कूल यांचं नातं फक्त उच्चाराचं: एक जहाजाच्या कडेवरून आलेलं, दुसरं जेवणाच्या टेबलावरून.

इतकं कळलं की वापरातले खाचखळगे आपोआप दिसतात. जेवणाच्या अर्थाने ‘बोर्ड’ला ना ‘अ’ लागतो ना अनेकवचनाचा ‘स’. ‘रूम अँड बोर्ड’ म्हणायचं, ‘रूम अँड अ बोर्ड’ नाही. नाहीतर खोलीबरोबर एक फळी मिळेल. युरोपच्या सहलीच्या पत्रकात ‘फुल बोर्ड’ असेल तर तिन्ही वेळचं खाणं आलं, ‘हाफ बोर्ड’ असेल तर नाश्ता आणि बहुधा रात्रीचं जेवण. दुपारचे ठेपले आपले आपण न्यायचे.

‘शी इज ऑन द बोर्ड’ म्हणजे ती संचालक मंडळावर आहे. ‘शी इज ऑन बोर्ड’ म्हणजे ती जहाजात वा विमानात आहे, किंवा हल्लीच्या कचेरीतल्या बोलीत, तिला बेत मान्य आहे. एवढासा ‘द’ गळला तर संचालकबाई नुसत्या प्रवासी होतात. मंडळाच्या अर्थाने क्रियापद ब्रिटिश इंग्रजीत ‘इज’ही चालतं, ‘आर’ही, अमेरिकेत ‘इज’च बरं. ‘माय सन हॅज बोर्ड धिस इयर’ हे आपल्या बाहेर कोणाला कळणार नाही. ‘बोर्ड एक्झाम्स’ म्हणावं. दुकानावरच्या बोर्डाला ‘साइन’ किंवा ‘साइनबोर्ड’ म्हटलेलं बरं. आणि जेवूनखाऊन राहणाऱ्या ‘बोर्डर’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’ असतो, सरहद्दीच्या शब्दात नसतो. देवनागरीत लिहिताना ही चूक लपून जाते, उत्तरपत्रिकेत नाही.

मराठीने यातला एक गुंता परस्पर सोडवला आहे. दुकानावर ‘तो बोर्ड’ लागतो, पण परीक्षा घेतं ‘ते बोर्ड’. एक फलकाच्या लिंगाने चालतो, दुसरं मंडळाच्या. इंग्रजीला ही सोय नाही, तिथे आजूबाजूच्या शब्दांवरूनच ओळखावं लागतं. ‘अक्रॉस द बोर्ड’चं उदाहरण घ्या. ‘पे राइज अक्रॉस द बोर्ड’ वाचून संचालक मंडळाने आपलेच पगार वाढवले, असं समजणारे वाचक असतात. हा वाक्प्रचार अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींतून आलेला आहे. एकाच घोड्यावर पहिला, दुसरा आणि तिसरा अशा तिन्ही क्रमांकांसाठी सारखे पैसे लावले की ती पैज ‘अक्रॉस द बोर्ड’. इथला बोर्ड म्हणजे भाव लिहिलेला फलक, आणि पगारवाढ शिपायापासून साहेबापर्यंत सरसकट सगळ्यांना.