रेडला माणसं किती लागतात? १९९९ पासूनची पार्श्वभूमी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचा सर्व्हर भारतात नाही. युरोपात रात्री आठला रेड (बऱ्याच खेळाडूंनी मिळून बॉस म्हणजे बलाढ्य शत्रूंवर केलेली चढाई) सुरू होते, तेव्हा सोलापुरात हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. एवढ्या उशिरा किती माणसं जमणार आणि मधेच एखादं गळालं तर काय, हा प्रश्न रेडला सुरुवातीपासून चिकटलेला आहे.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये नागाफेन आणि व्हॉक्स हे ड्रॅगन अख्ख्या सर्व्हरला मिळून एकेकच होते. मारल्यावर पुन्हा उगवायला सुमारे आठवडा. आधी पोचेल त्या गिल्डची (खेळाडूंच्या कायमच्या गटाची) लूट. मेलं की सामान मढ्यापाशीच राहायचं. प्लेन ऑफ फिअर या भागात शिरतानाच रेड आडवी झाली, तर मढी सोडवण्यातच रात्र जायची. लूट वाटताना भांडणं नकोत म्हणून आफ्टरलाइफ गिल्डने डीकेपी (ड्रॅगन किल पॉइंट्स) काढलं: हजेरीला गुण, आणि वस्तू घेतली की ते गुण खर्च.

नोव्हेंबर २००४ मध्ये वॉरक्राफ्टने प्रत्येक गटाला रेडची स्वतंत्र प्रत दिली, आठवड्याचा लॉकआउट लावला, म्हणजे एका बॉसची लूट आठवड्यातून एकदाच. रांगेतली मारामारी संपली, पण मोल्टन कोर या रेडला ४० जण लागायचे. तिथल्या बॅरन गेडन या बॉसचा बॉम्ब अंगावर आलेल्याने गर्दीतून लांब पळायचं. एक जण जरी गाफील राहिला तरी शेजारचे भाजायचे. त्याहून किचकट काम लढाईबाहेरचं होतं. सात बॉसजवळच्या सात खुणा गेममधल्या अझशारा प्रदेशातून आणलेल्या पाण्याने विझवल्याशिवाय मेजरडोमो हा बॉस यायचा नाही, आणि तो आला नाही तर शेवटचा बॉस रॅग्नारोसही नाही. ते पाणी आणायला पुरेशी माणसं आधी गेली नसतील, तर रेड तिथेच अडायची.

२००७ मध्ये मोठी रेड २५ जणांची झाली आणि काराझान ही रेड दहा जणांची. चाळिसांतल्या कोणत्या पंधरांना बाहेर बसवायचं, यावरून कितीतरी गिल्ड फुटल्या. २००८ पासून काही वर्षं रेड १० आणि २५ अशा दोन्ही आकारांत होत्या. २०११ च्या रेड फाइंडर या सोयीने अनोळखी २५ जण आपोआप जमवले. ज्यांना गिल्ड मिळत नव्हती त्यांनाही शेवटचा बॉस दिसला, हे चांगलंच झालं. पण एकमेकांसाठी थांबायची सवय मोडली, ती गोष्ट मोठी होती.

सोलापूरकराच्या खऱ्या कामाचा बदल २०१३-१४ चा. वॉरक्राफ्टच्या नॉर्मल आणि हिरोइक या काठिण्यपातळ्यांच्या रेड १० ते ३० जणांत कितीही जमले तरी चालतात. बॉसची ताकद त्या आकड्यानुसार ठरते. लाइट गेल्यामुळे एक जण बाहेर पडला, तरी पुढचा प्रयत्न कमी माणसांत सुरू होतो. सर्वांत कठीण पातळी, मिथिक, मात्र नेमकी २० ची, तिथे बदली माणूस लागतोच. पीसी इन्व्हर्टरवर ठेवून राउटर विसरला तर उपयोग शून्य: पात्र आगीत उभंच राहतं.

फायनल फँटसी १४ या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये २०१३ पासून मुख्य रेड आठ जणांची आहे: दोन टँक (बॉसचे घाव अंगावर घेणारे), दोन हीलर (बरं करणारे), चार मारणारे. जपानच्या सर्व्हरवर खेळलं तर टोकियोत रात्रीचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच, वेळ सोयीची. पण कठीण लढतीत मारणाऱ्यांपैकी एकाचं नेट गेलं, तर उरलेल्या तिघांचा मारा ठरल्या वेळेत पुरा पडणं अवघड. वेळ संपली की बॉस सगळ्यांना एकदम संपवतो.