पिंगळा आणि रानपिंगळा : ११३ वर्षांच्या हुलकावणीची पार्श्वभूमी

गावाशेजारच्या चिंचेच्या ढोलीत जोडीने राहणारा आणि दिवेलागणीला कलकलाट करणारा पिंगळा हे छोटे घुबड आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. डच प्राणिशास्त्रज्ञ टेमिंक यांनी १८२१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आज तो अथेने या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडतो आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. त्याच्याविषयी फारसा वाद कधी झाला नाही.

रानपिंगळ्याची गोष्ट निराळी आहे. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळवलेल्या नमुन्यावरून पक्षी अभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि तो इतर पिंगळ्यांहून वेगळा वाटल्यामुळे त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजाती मांडली. खानदेशात डेव्हिडसन यांनी आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद उरली नाही. त्यातच ब्रिटिश पक्षी अभ्यासक माइनर्ट्‌झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याचे लिहून ठेवले. तो नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. या एका चिठ्ठीने पुढच्या अभ्यासकांचा शोध भलत्याच ठिकाणी नेला, आणि संवर्धनाच्या दृष्टीने हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते. मधल्या काळात रानपिंगळ्याची म्हणून पुढे आलेली छायाचित्रेही साध्या पिंगळ्याची निघाली.

अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले होते, म्हणूनच ११३ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात, उघड्या फांदीवर भर उजेडात बसलेला पक्षी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ओळखता आला. पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छाती सलग तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पाय दणकट.

पुढे जनुकीय अभ्यासानेही त्याला अथेनेच्याच जवळ ठेवले. मेळघाट, तानसा आणि मध्य प्रदेशात तो आढळत गेल्यामुळे २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. हा बदल ठिकाणे नव्याने कळल्यामुळे झाला, पक्षी वाढल्यामुळे नव्हे : प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही २५० ते ९९९ इतकाच आहे, आणि ज्या सागाच्या पानगळी जंगलावर तो जगतो, तेथे तोड, वणवे आणि अतिक्रमण चालूच आहे.