पळणाऱ्या ताऱ्याची जात कशी ओळखायची?

बर्नार्डचा तारा वर्षाला १०.४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो. चंद्रबिंबाच्या रुंदीएवढं अंतर कापायला त्याला सुमारे १७५ वर्षं लागतात, तरी आकाशातल्या स्वगतीत, म्हणजे इतर ताऱ्यांच्या तुलनेत सरकण्याच्या वेगात, त्याचा नंबर पहिला! प्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद) ९.५, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायचं नावच नको. कोल्हापुरातून भुजंगधारीतला हा तारा ७८ अंश वर चढतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, वळिवाच्या ढगांनी सवड दिली तर. नाहीतर थेट ऑक्टोबरच्या संध्याकाळी. पन्हाळा उत्तम, पण शहरातल्या गच्चीवरूनही कॅमेऱ्यात तो येतो.

६०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण आणि ३.८ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल, तर एक पिक्सेल म्हणजे १.३ विकला. वर्षात तारा ८ पिक्सेल हलतो. वर्षाच्या अंतराने दोन फोटो काढा, पण दोन्ही एकाच महिन्यात, कारण पराशयामुळे (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना आपली बघायची जागा बदलते म्हणून) तो मधल्या स्थानाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा विकला डुलतो. काही तासांतच ठिपका हलला, तर तो लघुग्रह. खरी फसगत तारासूचीत होते. गाया या अवकाश दुर्बिणीच्या सूचीतली स्थानं २०१६ सालची आहेत. २०२६ मध्ये हा तारा तिथून १०४ विकला उत्तरेला असतो.

सरकण्यावरून तो जवळचा असावा एवढंच कळतं. जात ठरवायला रंग हवा आणि एक छोटं गणित: प्रत + ५ + ५ × लॉग (वार्षिक स्वगती, विकलांत). बर्नार्डसाठी उत्तर १९.६ येतं. तितक्याच तांबड्या आर्द्रेची, म्हणजे बीटलज्यूसची, प्रत ०.५ आणि स्वगती ०.०३ विकला, उत्तर उणे २. उत्तर मोठं तर तारा मुळातच मंद, लहान तर मुळातच प्रखर. म्हणून पहिला तांबडा बटू (छोटा, मंद तारा), दुसरा महाराक्षसी (प्रचंड मोठा, प्रखर तारा). पराशय मोजलेला नसतानाही एवढी निवड होते.

नुसत्या वर्णपटावर, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातले रंग सुटे करून दिसणाऱ्या पट्ट्यावर, विसंबलं की काय होतं? १९१७ साली खगोलशास्त्रज्ञ व्हॅन मानेन यांना मीन राशीत १२.४ प्रतीचा, वर्षाला ३ विकला सरकणारा तारा सापडला. कॅल्शियमच्या रेषा पाहून तो एफ वर्गात (सूर्याहून थोड्या तप्त ताऱ्यांत) गेला. पण एफ वर्गाचा सामान्य तारा इतका अंधूक दिसायचा तर तो सुमारे २,००० प्रकाशवर्षं दूर हवा, आणि मग वेग निघतो सेकंदाला ८,००० किमीच्या वर. आकाशगंगा असा तारा धरून ठेवूच शकत नाही. प्रत्यक्षात तो १४ प्रकाशवर्षांवरचा श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा) आहे, आणि ते कॅल्शियम त्याच्यावर कोसळलेल्या खडकाळ ढिगाऱ्याचं.