दृष्टिपटलातली विकृत रक्तवाहिनीवाढ आणि वनस्पती अर्क

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर किंवा त्याच्या खाली, नको तिथे नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात त्याला विकृत रक्तवाहिनीवाढ म्हणतात, डॉक्टर लोक निओव्हॅस्क्युलरायझेशन म्हणतात. बरीच वर्षं शुगर असलेल्यांना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आणि उतारवयात मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक बघण्याचा भाग) खराब होण्याच्या 'ओल्या' प्रकारात हे दिसतं. या वाहिन्या नाजूक असतात, त्या गळतात, फुटून आत रक्त साचतं आणि शुगरवाल्यांमध्ये किंवा बाळांमध्ये पुढे पडदाच ओढला जाऊन सुटतो.

कारण बहुतेक वेळा ऑक्सिजनची टंचाई. उपाशी पेशी रक्तवाहिन्या मागवणारा काहीतरी पदार्थ सोडत असाव्यात ही कल्पना नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांनी 1948 मध्ये मांडली होती, पण तो पदार्थ हाती लागायला चाळीसेक वर्षं गेली. त्या पदार्थाचं व्हीईजीएफ हे नाव साधारण 1989 पासूनचं, तोच पदार्थ 1983 मध्ये वाहिन्या गळक्या करणारा घटक म्हणून वेगळ्या नावाने नोंदला गेला होता, त्यामुळे शोधाचं साल कोणतं धरायचं यावर मतं दोन आहेत. आज डोळ्यात जी इंजेक्शनं देतात (रॅनिबिझुमॅब, अफ्लिबर्सेप्ट, बेव्हॅसिझुमॅब) ती यालाच अडवतात. ती चालतात, पण अनेकांना पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, खर्च होतो आणि काहींना पुरेसा गुण येत नाही. म्हणून वेगळ्या वाटेने काम करणारा रेणू शोधताना लोक वनस्पतींकडे वळले.

यातलं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण क्रेमॅस्ट्रॅनोन. हिमालयापासून चीन, कोरिया, जपानपर्यंत वाढणारं क्रेमॅस्ट्रा अपेंडिक्युलाटा नावाचं एक ऑर्किड आहे, त्याच्या कंदातून कोरियन संशोधकांनी एक होमोआयसोफ्लॅव्हनोन (होमोआयसोफ्लॅव्हनॉइड या वनस्पती-रेणूंच्या गटातला), म्हणजेच हा क्रेमॅस्ट्रॅनोन, वेगळा काढला आणि तो रक्तवाहिन्यांची वाढ रोखतो असं 2004 मध्ये सांगितलं. नंतर उंदरांच्या डोळ्यांतही तसंच दिसलं.

पण हा रेणू मुळात कोणत्या झाडाचा, हे जरा बारकाईने बघायला हवं. होमोआयसोफ्लॅव्हनॉइड हा गट 1967 मध्ये युकोमिस या आफ्रिकन कंदवर्गीय झाडातून पहिल्यांदा पुढे आला आणि त्यातले रेणू मुख्यतः हायसिंथच्या कुळात सापडतात, ऑर्किडमध्ये ते सापडणं तसं अपवादात्मकच. दुसरं म्हणजे चिनी औषधीत हा कंद 'शान-त्सि-कू' म्हणून विकला जातो आणि ते नाव एका झाडाचं नाहीच, अधिकृत चिनी औषधकोशातच क्रेमॅस्ट्रासोबत प्लिओने या दुसऱ्या ऑर्किडच्या दोन जाती त्याच नावाखाली आहेत. त्यात भर म्हणजे युन्नानमधल्या लिजियांगच्या नावाने ओळखला जाणारा शान-त्सि-कू हा इफिजेनिया इंडिकाचा कंद असतो, हेच झाड पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरही उगवतं, आणि त्यात कोल्चिसिन असतं. कोल्चिसिन विषारी आहे आणि वाढणाऱ्या कुठल्याही पेशीचं विभाजन थांबवतं, म्हणजे अर्कात हा कंद मिसळला गेला तर तो काचेच्या बशीतल्या रक्तवाहिन्या थांबवेलच, आणि बघणाऱ्याला वाटेल औषध मिळालं! कंद नक्की कोणता हे पक्कं केल्याशिवाय अर्काच्या प्रयोगाला फारसा अर्थ नाही, असं प्रस्तुत नोंदकाराला वाटतं.

क्रेमॅस्ट्रॅनोनपुरता हा प्रश्न 2014 मध्ये बराचसा मागे पडला, कारण अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठ आणि कोरियातल्या गाचॉन विद्यापीठाच्या गटांनी तो रेणू प्रयोगशाळेत बनवला आणि बनवलेल्या रेणूनेही माणसाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिनी-पेशींची वाढ थांबली, म्हणजे गुण भेसळीचा नव्हता. पुढे इंडियाना विद्यापीठातल्याच टिमथी कॉर्सन यांच्या गटाने हा रेणू गळासारखा वापरून तो पेशीत कशाला चिकटतो ते शोधलं आणि हाती लागलं फेरोकेलाटेज, म्हणजे हीम (हिमोग्लोबिनमधला लोहवाला भाग) बनताना शेवटी लोह बसवणारं एन्झाइम. 2017 च्या त्यांच्या निबंधात हे एन्झाइम कमी असलेल्या उंदरांत विकृत वाढ कमी दिसली, आणि नायट्यावरचं जुनं औषध ग्रिसिओफल्विन, जे हेच एन्झाइम दाबतं, त्यानेही उंदरांत फरक पडला. हीमचा आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचा असा संबंध एका कंदामुळे पुढे आला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल लिहिलं जातं भरपूर. मधुमेही उंदरांच्या दृष्टिपटलात त्याने व्हीईजीएफ आणि सूज कमी झाल्याचे प्रयोग आहेत, त्यातले काही भारतातले. पण अशा उंदरांमध्ये माणसासारख्या नव्या वाहिन्या सहसा फुटतच नाहीत, तेव्हा तो पुरावा आधीच्या टप्प्याचा धरावा. शिवाय हळदीत कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्केच, आणि पोटातून रक्तात फार थोडं पोचतं. हिरव्या चहातलं ईजीसीजी आणि द्राक्षांतलं रेझवेराट्रॉल यांचीही गत थोडीफार अशीच.

झाडाचा अर्क, काढा किंवा हळदीचं पाणी घरी डोळ्यात घालणं धोक्याचं आहे, त्याने डोळ्याला जंतुसंसर्ग किंवा इजा होऊ शकते, आणि अर्काच्या भरवशावर इंजेक्शन लांबवलं तर तेवढ्यात नजर जाऊ शकते.

माणसांवरच्या मोठ्या चाचणीत उतरलेलं वनस्पतिजन्य द्रव्य म्हणून ल्युटीनचं नाव घ्यावं लागतं, ते बाजारात मुख्यतः झेंडूच्या फुलांतून येतं. उतारवयातल्या मॅक्युलाच्या आजारावरच्या अमेरिकेतल्या एआरईडीएस-2 चाचणीत 4,203 लोक होते, रोज 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झिआझँथिन (ल्युटीनसारखंच पिवळं द्रव्य) दिलं गेलं, 2013 मध्ये निकाल आला की या आजारासाठीच्या मूळ गोळीत (जीवनसत्त्वं, जस्त आणि बीटा-कॅरोटीनच्या) नुसती ही भर घालून जास्तीचा ठळक फायदा दिसत नाही, मात्र बीटा-कॅरोटीनच्या जागी ते वापरणं बरं, कारण बीटा-कॅरोटीनच्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर जास्त आढळला, तोही मुख्यतः आधी सिगारेट ओढणाऱ्यांत. आणि ही गोळी आजार पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता कमी करण्यासाठी आहे, फुटलेल्या वाहिन्या ती मागे हटवत नाही.