‘तिकडे पार्ट-टाइम करेल’ हे धरून कर्ज कमी काढू नका
(परदेशातल्या मास्टर्ससाठी शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या पालकांसाठी)

ऑफर लेटर, आयईएलटीएस, युनिव्हर्सिटीची निवड हे सगळं तुमच्या घरात आमच्यासारख्या कर्ज-सल्लागारांपेक्षा जास्त चघळून झालेलं असतं, त्यात शिरत नाही. हे पत्रक एकाच वाक्यासाठी छापलं आहे. ते जवळपास प्रत्येक घरातून ऐकू येतं: “खर्च पंचेचाळीस लाख होतोय, पण आपण पस्तीसचंच काढू. वरचे दहा तो तिकडे काम करून काढेल.”

नाही निघत. मुलं कष्टाळू असतात, पण हिशेबच बसत नाही. ब्रिटनमध्ये कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. किमान वेतन ताशी साडेबारा पौंडांच्या आसपास. काम एकही आठवडा न चुकता मिळालं, तरी महिन्याला हजार-अकराशे पौंड. आणि लंडनमध्ये राहायला-खायला महिना सुमारे दीड हजार पौंड लागतात, असं तिथलं सरकारच व्हिसा देताना धरतं. फीला उरणार काय? अमेरिकेत पहिल्या वर्षी सहसा कॅम्पसबाहेर काम करताच येत नाही. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना २० तास, तेही जागा मिळाली तर.

मग दुसऱ्या सेमिस्टरची फी तोंडावर आली की आम्हाला फोन येतो, “जरा टॉप-अप करून द्या.” टॉप-अप म्हणजे मंजूर कर्ज वाढवून घेणं, आणि ते ‘जरा’ नसतं. बँक आयटीआर, पगाराच्या स्लिपा, सिबिल पुन्हा बघते. तारण वाढवायचं तर व्हॅल्युएशन आणि मालकी तपासणारा सर्च रिपोर्टही पुन्हा. घर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर गहाणासाठी सिडकोची एनओसी लागते. ठाण्यातल्या जुन्या इमारतीची ओसीच (भोगवटा प्रमाणपत्र) सापडत नाही, घणसोलीकडच्या बिनपरवाना इमारतीतला फ्लॅट बँक सहसा घेत नाही. इकडे आपण सोसायटीच्या सेक्रेटरींना शोधत फिरतो, तिकडे फीची तारीख उलटते.

खरी गोष्ट अशी की मंजूर रक्कम सगळी उचलावीच लागते असं नाही. पैसे सेमिस्टरगणिक सुटतात आणि व्याज सुटलेल्या रकमेवरच लागतं. पंचेचाळीस मंजूर करून घ्या; त्याला खरंच काम मिळालं तर शेवटचा हप्ता कमी उचला. म्हणूनच फी, भाडं, विमा, तिकीट असा पूर्ण तक्ता भरल्याशिवाय आम्ही फाइल उघडत नाही. काहींना हे जाचक वाटतं, “दुसरीकडे दोन दिवसांत होतं” असंही ऐकवतात. होत असेल. टॉप-अपसाठी मात्र तेच लोक आमच्याकडे येतात.

नोकरीचंही तेवढ्याच मोकळेपणाने बोलू. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी; स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी २४. त्या पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा: वर्षाला ६५,००० जागा, तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. नोकरी लागो न लागो, मोरॅटोरियम (ईएमआय न भरण्याची सुरुवातीची मुदत) संपला की ईएमआय सुरू. ४० लाख, ११ टक्के, दहा वर्षं धरली तर महिना साधारण ५५ हजार. हा आकडा इथल्या पगारातून सहा महिने तरी झेपेल का, हे निघण्याआधी आई-बाबांनी बसून बघावं. मुलासमोर बघितलं तर उत्तमच.

ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवणार असाल तर ते विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस हवेत. मामांच्या खात्यातली एफडी चालत नाही.

पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. पुढचं शुल्क ठरावीक आहे, कर्जाच्या टक्क्यावर नाही, त्यामुळे जास्त कर्ज काढायला सांगण्यात आमचा फायदा नाही. येताना ऑफर लेटर, तीन वर्षांचे आयटीआर, घराचा करारनामा, इंडेक्स टू (करारनाम्याच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणा. ओरिजिनल नको, झेरॉक्स पुरे. शनिवारी गर्दी असते, आधी फोन करून या.